घर, अंगण, गाव : व्याख्यान फुकट, पायपीट आपली

प्रश्न : मी नाशिकचा निवृत्त गणित शिक्षक. सध्या मुलाकडे बॉस्टनजवळ मुक्काम आहे. हार्वर्डच्या डिझाइन शाळेत वास्तुकला, लँडस्केप आणि नगररचना यांवर संध्याकाळी व्याख्यानं होतात आणि तिथे कोणीही जाऊन बसू शकतं, असं सूनबाई म्हणतात. मला या विषयातलं ओ की ठो कळत नाही. जावं का? सौ.ना फारसं इंग्रजी येत नाही, त्यांना न्यावं का?

जा. सौ.ना न्यावं का, हे मला न विचारता त्यांनाच विचारा. त्या तयार असतील तर न्याच, कारण या व्याख्यानांत निम्म्याहून जास्त काम पडद्यावरची चित्रं करतात.

आधी वेळापत्रकाचं. आपल्याकडचे आईवडील थंडी चुकवून एप्रिल-मेमध्ये तिकडे जातात आणि ऑक्टोबरात परततात. विद्यापीठाची सत्रं मात्र साधारण सप्टेंबर ते डिसेंबरची सुरुवात आणि जानेवारीअखेर ते एप्रिल अशी. म्हणजे जून-जुलैत तुम्हाला वेळच वेळ, आणि सभागृहाला कुलूप. परतीचं तिकीट काढताना सप्टेंबर हातात राहील असं बघा. व्याख्यानं बहुधा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास असतात, बहुतेक विनामूल्य. तरी निघण्यापूर्वी सूनबाईंना त्या दिवसाची माहिती बघून घ्यायला सांगा. मेट्रोच्या रेड लाइननं हार्वर्ड स्टेशनवर उतरायचं, यार्ड म्हणजे विद्यापीठाचं जुनं आवार ओलांडायचं की क्विन्सी स्ट्रीट. तिथे मेमोरियल हॉलसमोर गंड हॉल आहे, त्यातल्या पायपर सभागृहात बसायचं.

अर्धा तास आधी पोचा आणि इमारतीला मागच्या बाजूनं एक फेरी मारा. जॉन अँड्र्यूज या ऑस्ट्रेलियन वास्तुविशारदाची ही इमारत १९७२ची. एकाच मोठ्या उतरत्या काचेच्या छपराखाली सगळे स्टुडिओ पायरीपायरीनं वर चढत गेलेत. घरं बांधायला शिकणारा, बाग आखायला शिकणारा आणि शहर आखायला शिकणारा अशा तिघांनी एकमेकांचं काम येताजाता बघावं, हा त्यामागचा हेतू. हे तीन विषय एका शाळेत आणले गेले १९३६ साली, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीच्या बाउहाउस या डिझाइन शाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस तिथे शिकवायला आले. कल्पना मला फार आवडते. एवढ्या काचेखाली उन्हाळ्यात काय होत असेल, ते मात्र नाशिककराला समजावून सांगायला नको.

आत गेल्यावर पहिली काही मिनिटं वक्त्याची ओळख चालते. पारितोषिकं, पदव्या, पुन्हा पारितोषिकं. तेवढ्यात कोट काढून नीट बसून घ्या. मग चित्रं सुरू होतात, आणि इथे तुमचं गणित कामाला येतं. ‘प्लॅन’ म्हणजे आडव्या प्रतलानं घन कापला की दिसतं ते, ‘सेक्शन’ म्हणजे उभ्या प्रतलानं कापला की दिसतं ते. आयुष्यभर तुम्ही फळ्यावर शंकू कापलेत, इथे इमारती कापायच्या आहेत. प्लॅनवरून माणूस कुठून कुठे जातो हे कळतं. ऊन कुठवर येतं, पाणी कुठे वाहून जातं, बाई स्वयंपाकघरातून बाहेर बघते तेव्हा तिला आभाळ दिसतं की समोरच्याची भिंत, हे सेक्शनमध्येच कळतं. वक्ता प्लॅनच दाखवत राहिला आणि सेक्शन दाखवायची टाळाटाळ करू लागला, की मी खुर्चीत सावरून बसते. काहीतरी लपवतोय.

सौ. वाड्यात वाढल्या असतील तर चौकाचा सेक्शन त्यांना तुमच्याआधी कळेल. पैज लावते.

शेवटी प्रश्नोत्तरं होतात. विद्यार्थी लांबलचक प्रश्न विचारतात, ज्यात त्यांनी वाचलेलं सगळं असतं. तुम्ही एका वाक्यात विचारा, आणि तुमच्या गावचं विचारा. मुंबईत काम करणारे राहुल मेहरोत्रा तिथल्या नगररचना विभागाचे प्रमुख होते. २०१३च्या अलाहाबाद कुंभमेळ्याचा अभ्यास करायला हार्वर्डची माणसं गेली, त्यात ते पुढे होते. पूर ओसरल्यावर नदीच्या पात्रात उभं राहणारं, रस्ते, पूल, वीज, दवाखाने असलेलं आणि काही आठवड्यांत उचललं जाणारं शहर हा त्यांना फार मोठा विषय वाटला. आणि तुम्ही तर तपोवनातलं साधुग्राम उभं राहताना आणि मोडताना बघितलेलं आहे. मेळा उठल्यावर त्या जमिनीचं मधली अकरा वर्षं काय होतं, यावर जमीनमालक काय बोलतात आणि महापालिका काय म्हणते, हे त्या सभागृहात तुमच्याइतकं ठाऊक असलेला माणूस मिळणं कठीण. ‘मला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य म्हणून मागे घ्या.

दुसऱ्या दिवशी मात्र चाला, नाहीतर ऐकलेलं सगळं हवेत राहील. त्याच क्विन्सी स्ट्रीटवर थोडं पुढे कारपेंटर सेंटर आहे, १९६३चं. चंडीगड ज्यानं आखलं त्या ल कॉर्ब्युझिएची उत्तर अमेरिकेतली ही एकमेव इमारत. तिच्या पोटातून एक रॅम्प आरपार जातो. या रस्त्यावरून चढायचं, काचेतून आतले स्टुडिओ बघायचे, पलीकडच्या रस्त्यावर उतरायचं. दारात कुणी अडवत नाही.

मग एखादा दिवस बॉस्टन शहरासाठी ठेवा. हार्वर्डमधला लँडस्केपचा अभ्यासक्रम १९०० साली ज्यानं सुरू केला, त्या धाकट्या ऑल्मस्टेडच्या वडिलांनी या शहराभोवती बागांची आणि ओढ्यांची माळ गुंफली. तिला एमरल्ड नेकलेस म्हणतात. तिच्यातला बॅक बे फेन्स हा भाग आज नुसता बगीचा वाटतो, पण थोरल्या ऑल्मस्टेडपुढचा प्रश्न बगीच्याचा नव्हताच. खाडीचा मचूळ चिखल, त्यात येणारं सांडपाणी, ओहोटीला सुटणारी दुर्गंधी आणि भरतीला चढणारं पाणी, हा प्रश्न होता. भरतीच्या पाण्याला मुरायला जागा देणारी दलदल त्यानं आखून घडवली. पुढे १९१०च्या सुमारास चार्ल्स नदीवर धरण झालं, खारं पाणी यायचं थांबलं आणि त्याची खारी दलदल गेली. माणसानं आखलेला निसर्गही त्याच पाण्यावर दुसरं कोणी काय बांधतं यावरच जगतो. मिठी नदीकाठी राहणाऱ्यांना हे ऐकवायला नको.

आणि हो, ‘बॅक बे’ हे नाव ओळखीचं वाटेल. मुंबईच्या बॅकबेसारखाच तोही भराव घालून समुद्राकडून घेतलेला भाग.

याच माळेत हार्वर्डचं अर्नोल्ड अर्बोरेटम आहे, म्हणजे झाडांचा संग्रह. १८८२ साली विद्यापीठानं ती जमीन शहराला दिली आणि शहरानं ती परत विद्यापीठाला भाड्यानं दिली. मुदत एक हजार वर्षं, भाडं वर्षाला एक डॉलर. रस्ते आणि बंदोबस्त शहराकडे, झाडं विद्यापीठाकडे, फाटक सगळ्यांना उघडं. गिरगावातल्या पागडीच्या खोलीलाही याहून जास्त भाडं आहे.

प्रश्न : मी कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची. परदेशी विद्यापीठांतली व्याख्यानं मी मोबाइलवर बघते, पण वक्ते इतके जड शब्द वापरतात की शेवटी फक्त न्यूनगंड उरतो. काय करू?

पहिली पंधरा मिनिटं आवाज बंद करून बघ. खरंच. हातात पेन घे आणि पडद्यावर जे जे रेखाचित्र येईल ते तीस-चाळीस सेकंदांत वहीत उतरव. मग पुन्हा मागे जाऊन आवाजासकट ऐक. तुझ्या लक्षात येईल की चांगल्या वक्त्याचे शब्द चित्राला चिकटलेले असतात, आणि काही वक्त्यांचे शब्द चित्राच्या आसपासही फिरकत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्यांसाठी शब्दकोश उघडायची गरज नाही. जडपणा दर वेळी तुझ्या इंग्रजीत नसतो.

तीन वर्षं मुलांच्या ज्युरीला, म्हणजे त्यांचे प्रकल्प तपासायला बसलेला कोणीही तुला सांगेल, ‘स्पेसची अनुभूती’ म्हणणाऱ्या मुलाला जिन्याच्या पायरीची उंची विचारली की तो गप्प होतो.

न्यूनगंडावर एक नाव सांगते. अच्युत कानविंदे. जन्म १९१६, मालवणजवळच्या आचरा गावचा. मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकले, सरकारनं हार्वर्डला पाठवलं, आणि चाळिशीच्या दशकात ग्रोपियसच्या हाताखाली शिकून परत आले. त्यांनी तिथलं काय आणलं आणि काय तिथेच सोडलं, हे बघायचं असेल तर आयआयटी कानपूरचे नकाशे शोध. काँक्रीट, विटा आणि सरळ रेषा तिकडच्या. पण इमारती सुट्या ठेवून त्यांच्यामध्ये छपराखालचे चालायचे मार्ग दिलेत, कारण कानपूरच्या उन्हात आणि पावसात पोरांना वर्गातून ग्रंथालयात जायचं आहे. व्याख्यान ऐकताना हा एकच प्रश्न मनात ठेव : यातलं काय माझ्या पावसात टिकेल? कोल्हापूरच्या पावसापुढे निम्मे प्रकल्प गळतील. उरलेले काळजीपूर्वक बघ.

प्रश्न : आपण दर महिन्याला नगररचनेवर लिहिता. असल्या व्याख्यानांनी डोंबिवलीतले खड्डे बुजतात का?

नाही.

पण तुमच्या पत्रातला राग मला पटला, म्हणून थोडं पुढे लिहिते. मुंबईचा २०३४पर्यंतचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५मध्ये जाहीर झाला. नागरिकांनी नकाशे उघडून बघितले तर त्यात चुकांचा ढीग. हरकतींचा असा पाऊस पडला की एप्रिलमध्ये सरकारनं तो मसुदा बाजूला ठेवून नव्यानं करायला सांगितलं, आणि अखेर मंजुरी मिळाली ती २०१८ साली. हरकती घेणाऱ्यांत तज्ज्ञ होते, तसे आपल्या गल्लीचा नकाशा बोटानं शोधणारे साधे रहिवासीही होते. १९६६च्या नगररचना कायद्यानं हरकतींचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे, नकाशा वाचायची सवय मात्र कायदा देत नाही. हिरवा पट्टा कुठे पिवळा, म्हणजे घरांसाठीचा झाला, शाळेचं आरक्षण कुठल्या प्लॉटवरून उठलं, प्रस्तावित रस्ता कोणाच्या विहिरीवरून गेला, हे बघायला डोळा लागतो. तो तयार करायला व्याख्यान ही एक जागा आहे, आणि स्वस्त आहे. तुमच्या महापालिकेचा आराखडा पुढच्या वेळी लागेल तेव्हा जाऊन बघा. चष्मा न्या, अक्षर फार बारीक असतं.

प्रश्न : हे सगळं हार्वर्डचं झालं. आपल्या विद्यापीठांत नगररचनेवर सर्वांसाठी काही बोललं जायचं का? (पुणे)

ज्या शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिथून हा प्रश्न यावा याची गंमत वाटली.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पहिल्यांदा भारतात आले ते १९१४ साली, नगररचनेचं प्रदर्शन घेऊन. त्यांचं सामान ज्या जहाजात होतं ते जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेनं बुडवलं. मित्रांनी धावाधाव करून दुसरं सामान जमवून दिलं आणि १९१५च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन लागलंसुद्धा. मग हा माणूस गावोगाव पायी फिरून अहवाल लिहीत राहिला. जुनी पेठ पाडून रुंद रस्ता काढण्याची तेव्हाच्या इंजिनियरांना भारी हौस. गेडिसचं म्हणणं, अगदी पडकं तेवढंच काढा, बाकी राहू द्या, मोकळ्या झालेल्या जागेत एक झाड लावा.

होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली. प्लेगचा राक्षस, उंदीर, सगळा लवाजमा. मिरवणूक कोणत्या गल्ल्यांतून जाणार? ज्यांनी आपली गल्ली सगळ्यांत स्वच्छ केली असेल त्यांच्या. मला विचाराल तर नगररचनेवरचं इतकं चांगलं सार्वजनिक व्याख्यान या देशात पुन्हा झालं नाही.

वर्गात मात्र दाढीमिशांतून पुटपुटत बोलायचे, मागच्या रांगेला काही ऐकू यायचं नाही अशी त्यांची ख्याती. तरी त्यांच्याकडे शिकलेल्यांत गोविंद सदाशिव घुर्ये होते, ज्यांनी पुढे १९२४पासून तो विभाग चालवला आणि इरावती कर्व्यांना शिकवलं. घुर्ये मालवणचे. कानविंदेही मालवण तालुक्यातले. तिकडच्या पाण्यात काहीतरी असावं.

आजचं विचाराल तर अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ बघा. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९६२ साली त्याची सुरुवात वास्तुकलेची शाळा म्हणून केली. पणजीला गेलात तर वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या नावाच्या फाउंडेशनमध्ये काय चाललंय याची चौकशी करा. आणि पुण्यातल्याच एखाद्या आर्किटेक्चर कॉलेजच्या सूचनाफलकाकडे बघा. पाहुण्यांची भाषणं तिथे होतात, मागच्या रांगा रिकाम्या असतात, आणि विचारलंत तर बहुतेक प्राध्यापक आनंदानं बसू देतात.

(गच्चीवरच्या बागेतून खालच्या मजल्यावर होणाऱ्या गळतीबद्दल पुष्कळ पत्रं आली आहेत. ती सगळी पुढच्या अंकात. तोवर कुंड्यांखाली विटा ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांशी गोड बोला.)