वाढीव वॉरंटीचा प्रश्न आणि थांबवलेला टर्म प्लॅन

प्रश्न : माझे वय ३८ असून मी खासगी कंपनीत नोकरी करतो. घरी पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि आई आहे; कमावता मी एकटाच. दरमहा ८२,००० रुपये हातात येतात, गृहकर्जाचा हप्ता २६,००० रुपये आहे. तीन आठवड्यांपूर्वी पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची नवी गाडी घेतली. एक्स-शोरूम किंमत १२ लाख, ऑन-रोड १४ लाख २० हजार रुपये. दीड लाख रुपये रोख भरून उरलेले कर्ज ७ वर्षांसाठी साडेनऊ टक्के दराने घेतले. हप्ता सुमारे २१,२५० रुपये. कंपनीची वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची आहे. चौथ्या आणि पाचव्या वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी २४,००० रुपयांत मिळते आहे आणि ती रक्कमही कर्जात बसवून देऊ, असे शोरूमवाले सांगतात. गाडी महिन्याला सातशे किलोमीटर चालेल. ही वॉरंटी घ्यावी का? खर्च वाढल्यामुळे एक कोटीच्या टर्म प्लॅनचा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या शुद्ध आयुर्विम्याचा) गेल्या महिन्यातला वार्षिक हप्ता सध्या थांबवला आहे. पण बँकेने कर्जासोबत ३१,००० रुपयांची कर्ज संरक्षण पॉलिसी दिली असल्याने त्या बाजूची काळजी नाही. एन्डोमेंट पॉलिसीचे (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) वर्षाला ६०,००० रुपये गेली पाच वर्षे नियमित भरतो. बचत खात्यात ४०,००० रुपये आहेत. – एक वाचक

उत्तर : वॉरंटी आज घेऊ नका. त्याची कारणे पुढे सांगतो, परंतु तुमच्या पत्रातले सर्वांत महागात पडणारे वाक्य वॉरंटीचे नाही, टर्म प्लॅनचे आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे. चौथ्या वर्षी गिअरबॉक्स बिघडला तर काय, याची चिंता करून तुम्ही मला पत्र लिहिलेत आणि ज्याच्या पगारावर गृहकर्ज, गाडीचे कर्ज व घरातली तीन माणसे अवलंबून आहेत त्याचा विमा मात्र त्याच महिन्यात बंद पडू दिलात.

वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते आणि त्या दिवसांत संरक्षण चालू राहते. तुम्ही दिलेल्या तारखेवरून पाहता ही मुदत संपायला आठवडाही उरलेला नाही, म्हणून उत्तराचा एवढा भाग प्रसिद्धीची वाट न पाहता तुम्हाला आधीच कळवला आहे. मुदत टळली तरी पॉलिसी पुन्हा चालू करता येते. पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत ती सोय असते. पण तेव्हा व्याजासह थकबाकी भरावी लागते, प्रकृतीचे नवे निवेदन द्यावे लागते, प्रसंगी वैद्यकीय तपासणी होते आणि मधल्या काळात रक्तदाब किंवा साखर निघाली तर कंपनी जादा हप्ता मागू शकते किंवा नकारही देऊ शकते. शिवाय विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीच्या वैधतेवर प्रश्न उपस्थित करता येत नाहीत, ती तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. पाच वर्षे जुन्या पॉलिसीचा हा लाभ एका हप्त्यासाठी सोडून देण्यात काही अर्थ नाही. हप्ता मागच्या वर्षी करासह साधारण १६,५०० रुपये होता असे तुम्ही कळवले आहे. वैयक्तिक आयुर्विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाल्यामुळे यंदा तो १४,००० च्या आसपास येईल. बचत खात्यातल्या ४०,००० मधून तो आजच भरा.

आता त्या ३१,००० रुपयांच्या कर्ज संरक्षण पॉलिसीकडे वळू, कारण टर्म प्लॅन थांबवण्याचे धैर्य तुम्हाला तिनेच दिले. अशा पॉलिसीतले संरक्षण सहसा कर्जाच्या उरलेल्या रकमेइतके असते आणि कर्ज फिटत जाते तसे तेही कमी होते. दुर्दैवाने काही घडलेच तर पैसे आधी बँकेच्या कर्जखात्यात जातात. म्हणजे तुमच्या पत्नीच्या हाती बोजा उतरलेली एक गाडी राहील. गृहकर्जाचा हप्ता, मुलीची फी आणि घरखर्च जागच्या जागी राहतील. एक कोटीच्या टर्म प्लॅनमध्ये गाडीचे तेरा लाख फेडूनही ८७ लाख उरतात, हा फरक बँकेच्या काउंटरवर कोणी समजावून सांगत नाही. बरे, हे ३१,००० कर्जातच मिसळले असल्यामुळे सात वर्षांत व्याजासह त्यांचे साडेबेचाळीस हजार होतील, आणि तेवढ्यात टर्म प्लॅनचे तीन वार्षिक हप्ते भरले जातात. कर्ज मंजूर होण्यासाठी ही पॉलिसी घेणे सक्तीचे नसते. ‘सिस्टीममध्ये ती लागतेच’ असे जे सांगितले जाते ते विक्रीचे लक्ष्य पूर्ण करण्यासाठी. पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. टर्म प्लॅन चालू झाल्याची पावती हातात आल्यावर, आधी नव्हे, विमा कंपनीला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तेवढ्या दिवसांचे जोखमीचे शुल्क, मुद्रांक शुल्क आणि तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन बाकीची रक्कम परत येते; ती कर्जाच्या मुद्दलात भरण्यास बँकेला सांगा. व्याजदर स्थिर असेल तर मुदतीपूर्वी भरलेल्या रकमेवर आकार लागू शकतो, म्हणून कराराचे ते कलम आधी वाचा.

मग हप्त्यांसाठी पैसे कोठून आणायचे, हा तुमचा रास्त प्रश्न असेल. दोन कर्जांचे हप्ते मिळून ४७,००० च्या पुढे जातात, म्हणजे हाती येणाऱ्या पगाराचे जवळजवळ ५८ टक्के, आणि त्यात पेट्रोल, सर्व्हिसिंग व विम्याचा खर्च धरलेला नाही. अशा स्थितीत तुम्ही शुद्ध विम्याचा हप्ता थांबवलात आणि एन्डोमेंटचे ६०,००० मात्र भरत राहिलात. क्रम अगदी उलटा झाला. एन्डोमेंटमधून ‘पैसे परत मिळतात’ हे खरे, पण परतावा साधारण पाच-साडेपाच टक्क्यांचा असतो आणि तुम्ही साडेनऊ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर घेऊन तो मिळवत आहात. तिच्यातले विमा संरक्षण वार्षिक हप्त्याच्या दहा-पंधरा पटींहून क्वचितच अधिक असते, म्हणजे तुमच्या कुटुंबाला ते दीड-दोन वर्षेसुद्धा नीट पुरणार नाही. पाच वर्षांचे हप्ते भरले असल्याने ही पॉलिसी पेड-अप करता येईल : पुढचे हप्ते बंद, विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी, आणि ती मुदतीअखेर मिळते. आज सरेंडर केल्यास, म्हणजे मुदतीआधीच मोडल्यास, किती मिळतील, हा आकडाही कंपनीकडून लेखी मागवा आणि मगच दोन्हींची तुलना करा. ज्यांनी ही पॉलिसी विकली ते ‘एवढी वर्षे भरलेत, आता सोडू नका’ असे सांगतील. भरलेले पैसे या निर्णयात धरायचेच नसतात. पुढे दरवर्षी जाणारे ६०,००० रुपये कोठे अधिक उपयोगी पडतील, एवढेच पाहायचे. माझ्या हिशेबाने त्यातले १४,००० टर्म प्लॅनला जावेत आणि उरलेले ४६,००० आणीबाणीच्या निधीला. तीन वर्षांत व्याज धरून तो सुमारे दीड लाख होतो.

हा दीड लाखाचा आकडा लक्षात ठेवा, कारण वॉरंटीचा निर्णय त्यावरच ठरतो.

एक्स्टेंडेड वॉरंटी हा दुरुस्तीच्या खर्चाचा आगाऊ करार असतो. तिच्या किमतीत दुरुस्त्यांचा सरासरी खर्च, शोरूमचे कमिशन आणि कंपनीचा नफा असे तिन्ही बसवलेले असतात, म्हणून सरासरी ग्राहकाला त्यातून भरलेल्यापेक्षा कमीच परत मिळते. असा करार तेव्हाच घ्यावा जेव्हा संभाव्य खर्च आपल्याला झेपणारा नसतो. दुहेरी क्लचची ऑटोमॅटिक गाडी असती, टर्बो इंजिन असते, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटरची धाव असती, तर मी कदाचित वेगळे उत्तर दिले असते, कारण तशा गिअरबॉक्सची एक दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. तुमची गाडी साधी मॅन्युअल आहे. महिन्याला सातशे किलोमीटर म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेर पंचवीस हजार आणि पाचव्या वर्षाअखेर बेचाळीस हजार किलोमीटर. जोडणीतला दोष असेल तर तो बहुधा कंपनीच्या मूळ वॉरंटीतच उघडा पडतो. या टप्प्यावर खर्च होतो तो क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर आणि रबरी भागांवर, आणि नेमके हे झिजणारे भाग वॉरंटीतून वगळलेले असतात. पावसात तुंबलेल्या पाण्यात गाडी घातल्यामुळे इंजिन बसले, तर त्यालाही वॉरंटी लागू होत नाही. त्यासाठी वाहन विम्यात इंजिन संरक्षणाची जोड लागते. ‘इंजिनची पाच वर्षे काळजीच नाही’ हे शोरूममधले वाक्य ऐकताना ही वगळलेली यादी मागून घ्यावी. ती छापील असते, फक्त आपण होऊन दाखवली जात नाही.

कर्जात बसवण्याचा प्रस्ताव तर मुळातच अजब आहे. २४,००० रुपये साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांत जवळपास ३३,००० होतात. जी वॉरंटी तीन वर्षांनंतर सुरू होणार आणि पाच वर्षांनी संपणार, तिचे हप्ते ती संपल्यावरही दोन वर्षे तुम्ही फेडत राहाल. उलट तेच २४,००० सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर तीन वर्षांनी २९,००० च्या पुढे जातात.

तुमच्या बाजूने एक मुद्दा मात्र मान्य करतो : ज्याच्या खात्यात फक्त ४०,००० आहेत त्याला साठ-सत्तर हजारांची दुरुस्ती आज झेपणार नाही, आणि नियमाप्रमाणे असा माणूसच वॉरंटीचा खरा ग्राहक असतो. परंतु आज तुम्हाला मूळ वॉरंटी आहे. ती संपेपर्यंत तीन वर्षे हातात आहेत, आणि एन्डोमेंटचे पैसे वळवले तर तोवर दीड लाख उभे राहतात.

झेपणार नाही असा धक्का तुमच्या व्यवहारात आहेच, पण तो वॉरंटीच्या कक्षेबाहेरचा आहे. ऑन-रोड किमतीच्या जेमतेम दहा टक्के रोख आणि सात वर्षांची मुदत, यामुळे गाडीचे मूल्य कर्जापेक्षा वेगाने खाली येते. विम्यातली आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास मिळणारी कमाल रक्कम, एक्स-शोरूम किमतीवरून ठरते आणि प्रचलित कोष्टकानुसार दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के, चौथ्यात ४० टक्के घट धरली जाते. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्यातून साधारण ८ लाख ४० हजार मिळतील आणि बँकेचे मात्र १० लाख १० हजार येणे असेल. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ही तफावत दोन लाखांची असते, चौथ्याच्या सुरुवातीला सव्वा लाखाची. पाचव्या वर्षात ती जवळपास मिटते. गाडी नाही आणि हप्ते चालू, ही वेळ टाळायची तर ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ (आयडीव्हीऐवजी गाडीची बिलातली किंमत देणारी) ही जोड तुमच्या पॉलिसीत आहे का ते पाहा. नव्या गाडीचा तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा असला तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सहसा दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. जोड नसेल तर पहिल्या नूतनीकरणाला ती घ्या. वॉरंटीच्या २४,००० पेक्षा ती फार स्वस्त पडते आणि दोन लाखांचे भोक बुजवते. सात वर्षांनी गाडी विकून मुलीच्या शिक्षणाला मोठी रक्कम उभी राहील, अशी आशा तुम्ही नंतरच्या निरोपात व्यक्त केली आहे. ती सोडून द्या. सात वर्षे वापरलेल्या गाडीवर शिक्षणाचे नियोजन होत नसते.

वॉरंटीचा विषय तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा काढता येईल. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती देतात, उशिरा घेतल्यास किंमत काहीशी चढते, आणि ती चढ सोसावी असे मला वाटते, कारण तोवर गाडीचा स्वभाव तुम्हाला कळलेला असेल. तेव्हा घ्यायची ठरलीच तर गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच घ्या, शोरूमच्या किंवा तिसऱ्याच संस्थेच्या नावाची नको. तोपर्यंत प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत केंद्रात करून बिले जपून ठेवा; बाहेरून वायरिंग तोडून दिवे किंवा म्युझिक सिस्टीम बसवू नका, नाहीतर आज फुकट मिळालेली तीन वर्षांची वॉरंटीही त्याच कारणावरून नाकारली जाईल.