पाच वॉटचा अँप आणि आठ इंची खोकं

प्रश्न : काका, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका सीनियरकडून पाच वॉटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार अँप जुना घेतला. आत १२एएक्स७ आणि ईएल८४ असे दोन व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर आणि व्हॉल्यूमचं एकच बटण. हळू वाजवलं की आवाज पातळ आणि कर्कश येतो. वाढवला की जाड तारांचा नुसता लगदा. वर सतत घूंऽऽ चालूच. मित्र म्हणतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) बदल, महागातले व्हॉल्व्ह घाल. बजेट पाच हजार. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : सोल्डरिंग आयर्न आधी खाली ठेव. तू तीन तक्रारी एका दमात सांगितल्यास, पण तिन्ही दुखणी वेगळी आहेत आणि पहिलं तर सर्किटमध्ये नाहीच.

पातळ आवाज त्या आठ इंची स्पीकरचा आणि एवढ्याशा खोक्याचा. खात्री करायला फारसा खर्च नाही. तासावर भाड्याने मिळणारी एखादी जॅमरूम गाठ, जिथे बारा इंची गिटार कॅबिनेट असेल. अँप बंद ठेवून आतल्या स्पीकरची वायर काढ आणि त्यांचं कॅबिनेट जोड. ओहम मात्र जुळव. तुझ्या अँपवर ८ लिहिलं असेल तर कॅबिनेटही ८चंच हवं. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अँप वाजवायचा नाही, एक मिनिटही नाही. लोड, म्हणजे स्पीकर, नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये भलताच व्होल्टेज उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर आतून जळतो. घरच्या म्युझिक सिस्टीमचे स्पीकर लावण्याचा शहाणपणाही करू नकोस. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो, म्हणून तर ओव्हरड्राइव्ह (अँप जोरात लावल्यावर फाटणारा आवाज) गोड लागतो. तोच आवाज ट्वीटरमधून, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरमधून, काढलास तर फोडणीत मोहरी तडतडल्यासारखा येईल.

जॅमरूममध्ये आवाज आवडला तर पाच हजारांतले बहुतेक स्पीकरवर घाल. बारा इंची परवडला नाही तर दहा इंची घे, आणि खोकं सुताराकडून प्लायवूडचं करून घे. माझ्याकडे अँप घेऊन आलेल्या बऱ्याच पोरांचं काम इथेच संपलं आणि ती पुढची दुरुस्ती विसरून गेली.

नाही विसरलास तर आता लगद्याकडे ये. १२एएक्स७ म्हणजे एका काचेत दोन व्हॉल्व्ह. पहिल्याच्या कॅथोड नावाच्या टोकापासून चेसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) एक रेझिस्टन्स जातो, बहुधा १.५ किलोओहमचा, आणि त्याला समांतर २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. (तुमच्या पुस्तकात कपॅसिटर. आम्ही कंडेन्सरच म्हणणार.) हा मोठा कंडेन्सर सगळे सूर सारखेच फुगवतो. त्याच्या जागी ०.६८ मायक्रोफॅरडचा घातलास की दीडशे हर्ट्झच्या खालचे सूर जवळपास निम्म्यावर येतात, तीनशेच्या बरेच वरचे जवळपास होते तसेच राहतात. तुझी सगळ्यात जाड तार मोकळी वाजते ८२ हर्ट्झला, म्हणजे लगदा होतो तो नेमका तिथलाच. मार्शलच्या जुन्या लीड अँपमध्येही हाच ०.६८ बसवलेला असतो. काही रुपयांचं काम आहे. पण क्रम चुकवू नकोस. आठ इंची स्पीकर तसाच ठेवून हे केलंस तर मुळात पातळ असलेला आवाज आणखी पातळ होईल आणि शिव्या मला घालशील.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट वाच, मग हवं तर पुन्हा वाच. सदाशिव पेठेतल्या वाड्यात रेडिओ दुरुस्त करायला बसायचो तेव्हाची. पिन काढून पाच मिनिटं झाली होती. डाव्या हातात चहाचा कप, उजवी करंगळी फिल्टर कंडेन्सरला (वीज साठवून ती सपाट करणारा मोठा कंडेन्सर) लागली. कप समोरच्या भिंतीवर, मी स्टुलासकट मागे. चहाचा डाग पुढचा रंग लागेपर्यंत भिंतीवर होता. तुझ्या अँपमध्येही तीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि पिन काढली तरी ते लगेच जात नाहीत. १० किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टन्स घे, एक टोक क्लिपने चेसिसला लाव आणि दुसरं, इन्सुलेशन असलेल्या प्रोबने, फिल्टर कंडेन्सरच्या प्लसला पंधरा सेकंद धर. मग मीटर लाव. दहा व्होल्टच्या खाली आकडा दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. दुसरा हात खिशात. हे करताना कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसव. आणि हे वाचूनच पोटात गोळा आला असेल तर काम जाणत्या मेकॅनिककडे दे, त्यात लाज नाही.

घूंऽऽचं असं : व्हॉल्यूम शून्यावर आण. तरीही घुमत असेल तर बहुधा फिल्टर कंडेन्सर म्हातारा झालाय. कितीचा आणि किती व्होल्टचा ते वाचून तसाच नवा तापकीर गल्लीतून आण, व्होल्ट कमी घेऊ नकोस. शून्यावर गप्प होत असेल तर गिटार, केबल किंवा पहिला व्हॉल्व्ह बघ. त्याही आधी भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घे. जुन्या इमारतीत तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं.

महागडे व्हॉल्व्ह राहू देत. स्वच्छ आवाज जास्त हवा असेल तर १२एएक्स७च्या जागी १२एवाय७ सरळ बसतो. पहिल्याचा गुणक (सिग्नल वाढवण्याची ताकद) १००, याचा ४५च्या आसपास. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात गेलास तर पूर्वीच्या रेडिओतले ईएल८४ आणि ईसीसी८३ शोध. ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७च, युरोपातलं नाव. काचेच्या टोकाला आतून चंदेरी डाग असतो तो बघायचा. तो दुधी पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, फुकट दिला तरी घेऊ नकोस.

आणि ट्रान्सफॉर्मर? बरा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मागवायला गेलास की बजेट तिथेच संपेल. त्या मित्राला सांग, आधी स्पीकरचे पैसे दे.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून छोटा व्हॉल्व्ह अँप आणलाय, मागे १२० व्होल्ट लिहिलंय. पिनेला ॲडॅप्टर लावून चालेल का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही हो, नुसती पिन बदलून व्होल्टेज बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, अँपच्या मागे जेवढे वॉट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा, आणि अर्थिंगची तार अँपपर्यंत पोचते ना ते बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिकडची ६०, त्यामुळे अँपमधला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल. तासाभराने हात लावून बघा. चटका बसला तर बंद करा.