पोर्ट फॉरवर्ड केला तरी घरचा वेब सर्व्हर बाहेरून उघडत नाही, काय चुकतंय?

तुमचा सर्व्हर लॅपटॉपवर ८०८० पोर्टवर चालतोय, त्याच वायफायवरच्या मोबाइलवर उघडतो, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलाय (म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर आलेलं लॅपटॉपकडे पाठवायला सांगितलंय) आणि तरी बाहेरच्या मित्राला टाइमआउट येतोय, बरोबर? मोबाइलवर उघडतोय म्हणजे सर्व्हर १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच लॅपटॉपवरून उघडणाऱ्या लोकलहोस्ट पत्त्याला, चिकटून बसलेला नाही, लॅपटॉपची फायरवॉलही बहुतेक आडवी येत नाहीये, तेव्हा तिकडे डोकं लावू नका.

आधी एकच गोष्ट बघा. राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) दिसतो, तो आणि गूगलवर 'माझा आयपी' शोधल्यावर येतो तो, दोन्ही जुळतात का? राउटरवाला १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर विषय संपला, तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी इंटरनेट कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलाय आणि बाहेरून आलेली रिक्वेस्ट तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मी यात दोन रात्री घालवल्यात, फॉरवर्डचा रूल पुसतोय, परत टाकतोय, राउटर रीस्टार्ट करतोय, आणि वॅन आयपी १००.७२ वाला समोरच दिसत होता! १९२.१६८ वाला दिसला तर बहुतेक तुमच्या राउटरच्या पुढे अजून एक राउटर आहे, त्याला ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसतं कनेक्शन पुढे देईल.

आयपी जुळत असतील तर मग रूल तपासा, लॅपटॉपचा आतला आयपी डीएचसीपीने (राउटर आपोआप आयपी वाटतो ती सोय) बदलला असेल तर फॉरवर्ड भलत्याच ठिकाणी जातं, तो राउटरमध्ये लॅपटॉपसाठी रिझर्व्ह करून टाका. आणि टेस्ट मोबाइल डेटावरून करा, कारण बरेच राउटर घरातूनच स्वतःच्या पब्लिक आयपीवर गेलं की उघडू देत नाहीत, बाहेर सगळं नीट चालत असलं तरी.

सीजीनॅट निघालं तर कंपनीकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर सरळ टनेल. क्लाउडफ्लेअर टनेल किंवा एनग्रोकमध्ये तुमचंच मशीन बाहेर कनेक्शन काढतं त्यामुळे राउटरला हातही लावावा लागत नाही. स्वतःचा व्हीपीएस (भाड्याने घेतलेला ऑनलाइन सर्व्हर) असेल तर एसएसएचचं (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) रिमोट फॉरवर्डिंगही चालतं, म्हणजे व्हीपीएसच्या पोर्टवर आलेलं तुमच्या लॅपटॉपकडे येतं, मी तेच वापरतो, फक्त व्हीपीएसवर एसएसएचच्या सेटिंगमध्ये गेटवेपोर्ट्स चालू करा, नाहीतर पोर्ट त्याच्या स्वतःच्या लोकलहोस्टवरच उघडतो आणि तुम्ही परत पहिल्या घरात.

हां, आणि उघडला की लॉग बघत बसा जरा. माझ्याकडे वर्डप्रेस नव्हतंच, तरी पहिल्याच दिवशी कुठले कुठले बॉट त्याचं लॉगिन पेज मागत होते, डॉट ईएनव्ही फाइलसुद्धा (पासवर्ड वगैरे ठेवतात ती). त्यामुळे डीबग मोड चालू असलेला डेव्हलपमेंट सर्व्हर तसाच उघडा टाकू नका, निदान पुढे एनजिनएक्स (आधी रिक्वेस्ट स्वतः घेणारा वेब सर्व्हर) आणि पासवर्ड तरी ठेवा.