खळ्यांची गाणी सापडणार कशी?

प्रश्न : वडिलांच्या दीडेकशे सीड्या आणि खोकंभर कॅसेट आहेत. नाट्यसंगीत, भावगीतं, शास्त्रीय असं सगळंच. घरातल्या वायफायवर ज्याला त्याला आपापल्या मोबाइलवर ऐकता यावं असं करायचंय. दुकानदाराने ‘नॅस’ (घरच्या नेटवर्कला जोडायचा हार्ड डिस्कचा डबा) घ्यायला सांगितलं, पण किंमत ऐकून परत आले. स्वस्तात जमेल का? मुलगी पुण्याला असते, तिलाही ऐकता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : जमेल. नॅस राहू द्या दुकानातच. घरात एखादा जुना लॅपटॉप पडून असेल तर तोच सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना गाणी पुरवणारं यंत्र. बॅटरी अर्धा तास जरी तग धरत असेल तरी लाइट गेल्यावर गाणं थांबत नाही. (राउटरला मात्र इन्व्हर्टरची लाइन द्या.) रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वीज कमी खातो, पण लाइट सारखी जात असेल तर त्याचं मेमरी कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, एवढं पॉवर सेटिंगमध्ये बघा.

त्यावर नॅव्हिड्रोम हे गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे. गाण्यांचा फोल्डर दाखवला की काम झालं. मोबाइलवर सबसॉनिक (अ‍ॅपने सर्व्हरशी बोलायची पद्धत) चालवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या. अँड्रॉइडवर अल्ट्रासॉनिक, आयफोनवर अँपरफाय. हे सगळं एका दुपारचं काम.

सीड्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज जराही न कापणाऱ्या फाइलमध्ये उतरवा, एमपी३मध्ये नको. एका सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी, म्हणजे तुमचा सगळा संग्रह ६० जीबीच्या आत-बाहेर. एवढ्यासाठी आवाज कापायचा कशाला?

खरी मेहनत पुढे आहे. नॅव्हिड्रोम फोल्डरचं नाव बघत नाही, फाइलच्या आतले टॅग, म्हणजे गाणं, गायक, अल्बम यांच्या नावांचे रकाने वाचतं. एका सीडीवर ‘सुधीर फडके’, दुसरीवर ‘सुधिर फडके’, तिसरीवर तेच नाव रोमन लिपीत, की झाले तीन गायक. आठ गायकांची एक सीडी असेल आणि ‘अल्बम आर्टिस्ट’चा रकाना रिकामा असेल, तर तिचे तुकडे होऊन यादीभर पसरतात. तिथे सगळ्या गाण्यांना एकच ‘विविध गायक’ लिहा. शिवाय आपण मराठी माणसं ‘खळ्यांची गाणी लाव’ असं संगीतकार श्रीनिवास खळ्यांच्या नावाने म्हणतो, आणि आयते मिळणारे टॅग गायकापाशीच थांबतात. संगीतकार आणि गीतकार हे रकाने म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग भरायच्या प्रोग्राममध्ये हाताने भरा. शास्त्रीयसाठी मी ‘जॉनर’मध्ये (संगीतप्रकाराच्या रकान्यात) सरळ राग लिहितो, ‘इंडियन क्लासिकल’ लिहून कुणाला काय सापडणार? सगळी नावं देवनागरीत ठेवा, चालतात. रोज संध्याकाळी चार सीड्या घेतल्यात तरी पुरे.

कॅसेट शेवटी घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, लाइन-इन (डेकची वायर घेणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड लावा आणि ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्याला इलाज नाही. डेकचा पट्टा सैल असेल तर टेप हळू फिरते आणि काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी एकमध्ये उतरतो. पेटीवर षड्ज ताडून बघा आणि फरक असेल तर ऑडॅसिटीत वेग वाढवा. जे सीडीवर आधीच आहे, त्याची कॅसेट उतरवत बसू नका. घरगुती मैफलींची रेकॉर्डिंग आधी.

पुण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला आत यायचं दार, उघडण्याच्या भानगडीत पडू नका. लॅपटॉपवर आणि मुलीच्या फोनवर टेलस्केल (दोघांना एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं अ‍ॅप) टाका, घरगुती वापराला ते फुकट आहे. सगळ्या संग्रहाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून तिच्याकडेच ठेवायला द्या, आणि ती दिवाळीला आली की नव्याने उतरवलेलं त्यात भरा.