पंचविशीतच सुरकुत्या? आधी तोंडाला काय काय लावताय ते सांगा

या वेळचे बहुतेक प्रश्न विशी-तिशीतल्या पोरापोरींचे आहेत आणि सगळ्यांचा सूर एकच, मॅडम कोणती क्रीम लावू. काहींची निराशा होणार आहे, कारण निम्म्या जणांना मी लावायला सांगायच्या ऐवजी बंद करायला सांगितलंय. नावं काढलीत आणि प्रश्न थोडे आखूड केलेत.

प्रश्न : मी 24 वर्षांची, विट्याची. घरून ऑनलाइन काम करते. सेल्फी काढला की डोळ्याखाली बारीक रेघा दिसतात, हसल्यावर तर जास्तच. अंडर आय क्रीम 1800 रुपयांची आहे, घेऊ का?

नको घेऊस, निदान आत्ता तरी नको. हसल्यावर डोळ्याच्या कडेला घडी पडणारच, तिथं स्नायू आहे आणि अंगावरची सगळ्यात पातळ कातडी तिथलीच. बघायचं ते हे की तोंड शांत असताना पण रेघ तशीच दिसते का. सकाळी खिडकीजवळ आरसा घेऊन बस, साधं मॉइश्चरायझर बोटावर अगदी थोडं घेऊन डोळ्याखाली टेकव आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत बघ. रेघा फिकट झाल्या असतील तर तो कोरडेपणा आहे, तेवढ्यासाठी 1800 रुपये कशाला, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आंघोळ झाल्या झाल्या ओलसर तोंडावर लावलं तरी काम होतं. अंडर आय क्रीममध्ये बहुतेक वेळा तेच असतं, फक्त डबी छोटी असते.

आणि एक विचारते, डोळे चोळतेस का? लहानपणापासून सर्दी, शिंका, दमा, अंगाला खाज असलं काही आहे का? कारण ॲलर्जीवाल्या मुलांना खालच्या पापणीखाली एक-दोन ठळक घड्या शाळेच्या वयातच दिसतात, त्यांना डेनी-मॉर्गन रेघा म्हणतात, वयाचा त्यात काही संबंध नाही. तिथं ॲलर्जीवर उपचार घ्यायचा आणि चोळणं थांबवायचं. फ्रंट कॅमेरा तोंडाला चिकटवून काढलेल्या फोटोवरून तर कुणीच काही ठरवू नये.

प्रश्न : वय 27, कुपवाड एमआयडीसीत कामाला. रोज माधवनगरवरून गाडीवर येतो-जातो. कपाळावर आडव्या रेघा आणि डोळ्याच्या कडेला पण. मित्र म्हणतात सनस्क्रीन पोरींचं असतं. खरंच फरक पडतो का का नुसती जाहिरात?

दादा, या सगळ्या पत्रांत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे म्हणून जरा लांब लिहिते.

उन्हात दोन प्रकारचे अल्ट्राव्हायोलेट किरण आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी भाजतं, यूव्हीए आतल्या थरापर्यंत जातं आणि कातडी ताठ धरणारं कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स जागी करतं. यूव्हीए दिवसभर असतं, ढगातून येतं, काचेतून पण बरंच आत येतं. 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता, माणूस 69 वर्षांचा, 28 वर्षं गाडी चालवलेली, तिकडं स्टिअरिंग डावीकडं म्हणून डावा गाल सतत काचेकडं. डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल सुरकुत्यांची, आणि उजवी बघितली तर त्याचा धाकटा भाऊ वाटावा. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, त्यामुळं कुणी ओळखीचे जुने ड्रायव्हर असतील तर त्यांचा उजवा गाल एकदा निरखून बघा.

सनस्क्रीनचा पुरावा पण आहे. ऑस्ट्रेलियात 55 च्या आतल्या 903 लोकांना साडेचार वर्षं बघितलं, रोज लावणाऱ्यांची कातडी मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली, 2013 ला तो अभ्यास छापून आला. आता ती बहुतेक गोरी माणसं, हे खरं. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळं आपल्याकडं रेघा उशिरा येतात पण डाग, वांग, काळवंडलेलं कपाळ आधी येतं, म्हणजे ऊन आपलं पण नुकसान करतंच, फक्त दुसरीकडून सुरुवात करतं.

लावायचं कसं, तर एसपीएफ 30 किंवा 50, आणि पाकिटावर पीए पुढं तीन-चार अधिकची चिन्हं बघून घ्या, ती यूव्हीएसाठी असतात. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतो आणि 50 अडवतो 98, म्हणून 100 च्या मागं लागून पैसे घालवू नका, चुकतं ते मापात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर भरून दोन रेघा, एवढं तोंडाला आणि मानेला. या हिशोबानं 50 ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तरी दीड महिन्याच्या आसपास संपली पाहिजे, सहा महिने पुरली तर तुम्ही लावताय कुठं, नुसता वास घेताय. महाग परवडत नसेल तर स्वस्तातली घ्या पण मापात लावा. बाहेर उन्हात असाल तर दोन तासांनी परत, घाम पुसला तर लगेच परत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की ऊन कडक आहे असं धरायचं, आणि आपल्याकडं मार्च ते मे मध्ये तर सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारासच ती वेळ येते.

आता गाडीचं. हेल्मेटची काच वर करून चालवता ना? पॉलिकार्बोनेटची काच यूव्ही जवळजवळ सगळं अडवते, ती खाली घ्या, फुकटचं सनस्क्रीन आहे आणि डोळ्यात धूळ पण जात नाही. उन्हात डोळे बारीक करून करून डोळ्याच्या कडेच्या आणि भुवयांमधल्या रेघा पक्क्या होतात, त्यासाठी यूव्ही 400 लिहिलेला गॉगल घ्या. आणि शिफ्ट सुटल्यावर टपरीवर सिगरेटसाठी गाडी थांबते का ते तुम्ही लिहिलं नाही, थांबत असेल तर मी वर लिहिलेल्यातलं निम्मं तिथंच फुकट जातं.

पोरींचं आणि पोरांचं वेगळं सनस्क्रीन नसतं, मित्रांना सांगा.

प्रश्न : मी मिरजेत नर्सिंग करते, वय 22. रील्स बघून सकाळी व्हिटॅमिन सी, नियासिनामाइड, रात्री रेटिनॉल, आठवड्यातून दोनदा ग्लायकॉलिक पील आणि एक स्क्रब असं चालू केलं. दोन महिन्यांत तोंड लाल, पाणी लावलं तरी झोंबतंय आणि आधी नव्हत्या अशा बारीक रेघा आल्यात. काय वाढवू?

अगं वाढवू काय, सगळं काढ! वॉर्डात एका पेशंटला पाच औषधं एकदम चालू केली आणि रिॲक्शन आली तर तू काय करशील, पहिल्यांदा सगळी थांबवशील ना. कातडीच्या वरच्या थरातलं तेल आणि बांधणी निघून गेली की पाणी उडतं आणि कागद चुरगळल्यासारख्या रेघा दिसतात, त्या वयाच्या नाहीत, तुझ्या बाटल्यांच्या आहेत. चार ते सहा आठवडे फक्त तीन गोष्टी, सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. सनस्क्रीन पण झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचं बघ. तरी लाली उतरली नाही तर दाखवून घे.

तोंड शांत झालं की एकच गोष्ट परत चालू करायची, आणि ती रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या घराण्यातली औषधं, ट्रेटिनॉइन आणि रेटिनॉल त्यातलीच) असू दे, कारण बारीक रेघांवर लावायच्या औषधांत सगळ्यात जास्त पुरावा त्याच्याच नावावर आहे. ट्रेटिनॉइन मूळचं पिंपल्सचं औषध, 1980 च्या दशकात लक्षात आलं की उन्हानं खराब झालेली कातडी पण त्यानं सुधारते. ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. रेटिनॉल त्याचाच सौम्य भाऊ, बावीसाव्या वर्षी तो पण नाही लावला तरी काही बिघडत नाही, पिंपल्स असतील तर गोष्ट वेगळी. लावायचं ते रात्री, तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर, सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्री. सुरुवातीला थोडं सोलवटतं, ते सोसेल तसं वाढवायचं. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, रील तीस सेकंदाची असते एवढाच काय तो घोळ. दिवस गेलेले असताना किंवा बाळाचा विचार चालू असताना रेटिनॉइड अजिबात नाही.

व्हिटॅमिन सी वाईट नाही, पण ती बाटली पिवळी-तपकिरी झाली असेल तर ती गेली, टाकून दे.

प्रश्न : तासगाव, वय 29. पार्लरवाल्या ताईंनी सांगितलेली क्रीम मेडिकलमधून आणून दीड वर्ष लावतेय, पहिल्या महिन्यात मस्त उजळले. आता लावली नाही की तोंड लाल होतं, भाजल्यासारखं होतं, गालावर लाल शिरा दिसतात, बारीक केस आलेत आणि चामडी पातळ होऊन सुरकुतलीय. हे वयामुळं का?

नाही ताई, ही ट्यूब आहे. तुम्ही फोटो पाठवलाय, त्यावर बारीक अक्षरात तीन नावं आहेत, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टेरॉइड आहे. काही आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली, वांगासाठी हे मिश्रण चालतं, दीड वर्ष गोरं व्हायला नाही. स्टेरॉइड कोलॅजन बनणंच मंदावतं, म्हणून कातडी सिगरेटच्या कागदासारखी होते. पहिल्या महिन्यातला उजळपणा पण त्याच मिश्रणाचा असतो, म्हणून तर माणूस फसतं, आणि मग शेजारणीला पण तीच ट्यूब सांगतं.

एकदम बंद केली तर तोंड आधीपेक्षा जास्त भडकतं आणि बायका घाबरून परत तीच लावतात, सगळा फेरा तिथंच अडकतो. म्हणून स्वतःच्या मनानं काही न करता ती ट्यूब पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडं जा, सिव्हिलला पण स्किन ओपीडी असते. भडका बसवायला गोळ्या आणि दुसरी क्रीम देतात, काही महिने लागतात, लाली आणि जळजळ बरीच कमी होते, शिरा राहिल्या तर त्यावर लेसर आहे.

बाकीच्यांनी पण आज घरातली ट्यूब काढून बघा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एक जरी नाव असलं तरी ते डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. चिठ्ठीशिवाय ही विकायचीच नसतात पण काउंटरवर मागितली की मिळतात, हे तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण.

प्रश्न : सांगलीत राहून हळद लावू नका असं म्हणू नका हं! आई हळद, लिंबू, दही लावायला सांगते, सुरकुत्या येत नाहीत म्हणे. वय 25.

हळदीला नाही म्हटलं तर मार्केट यार्डातून मला हाकलतील. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्यातलं करक्यूमिन सूज कमी करणारं आहे हे पण खरं, फक्त ते कातडीत खोल शिरत नाही, त्यामुळं रेघा पुसतील असं काही होत नाही. दह्यात घालून कधीतरी दहा मिनिटं लावा, आईचं मन राहील. हळद घरी दळलेली घ्या, सुट्ट्या पिवळ्याधमक पावडरीत रंग मिसळलेला असू शकतो. लिंबू मात्र काढा. ते फार आंबट, कातडीला सोसत नाही, आणि लावून उन्हात गेलात तर काळे-तपकिरी चट्टे उठतात जे महिनोन्‌महिने जात नाहीत.

प्रश्न : माझा भाऊ 31 वर्षांचा, जतकडं शेती करतो. कपाळ, मान आणि डोळ्याच्या पापण्या जाड होऊन त्यावर खोल घड्या पडल्यात, पन्नाशीचा दिसतो. खाज सुटते. उन्हामुळं सुरकुत्या आल्यात म्हणून क्रीम सुचवा.

खाज हा शब्द तुम्ही मध्येच टाकलाय पण उत्तर त्यातच आहे. सुरकुतीला खाज येत नसते. बांधावर गाजर गवत असणारच, कुठं नाही ते, 1950 च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलं आणि नंतर देशभर पसरलं. त्याची वाळलेली भुकटी वाऱ्यावर उडते आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या उघड्या अंगावर बसते, तोंड, पापण्या, मान, कोपराच्या घड्या. खाजवून खाजवून कातडी जाड होते आणि घड्या खोल दिसतात. पुढं पुढं नुसतं ऊन पण सोसेनासं होतं.

क्रीम मी इथून सुचवणार नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडं पॅच टेस्ट होते, पाठीवर पट्ट्या चिकटवतात आणि दोन दिवसांनी काढून बघतात. तोपर्यंत गवत उपटायला भावाला पाठवू नका, दुसऱ्या कुणी हातमोजे घालून, फुलावर यायच्या आत काढावं. शेतातून आल्यावर लगेच आंघोळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि कपडे बाहेर गवताजवळ वाळत घालायचे नाहीत. वेळेत उपचार झाला तर यातल्या बऱ्याच घड्या उतरतात, म्हणजे पन्नाशीचा दिसणारा माणूस परत तिशीत येऊ शकतो, सुरकुत्यांच्या बाबतीत असं मला फार कमी वेळा म्हणता येतं.

प्रश्न : वय 26, वैशाखात लग्न आहे. मैत्रीण म्हणते आधीच बोटॉक्स घेतलं तर सुरकुत्या पडतच नाहीत. आणि कोलॅजन पावडर पण चालू करू का?

बोटॉक्स स्नायू ढिला करतं, त्यामुळं कपाळाच्या आणि भुवयांमधल्या रेघा कमी होतात, असर साधारण तीन ते चार महिने, मग परत टोचायचं. तोंड शांत असताना रेघ दिसतच नसेल तर सव्वीसाव्या वर्षी त्यात पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. घ्यायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडं, पार्लरमध्ये कदापि नाही, आणि लग्नाच्या निदान महिनाभर आधी, पापणी उतरली तर ती वर यायला काही आठवडे जातात. लग्नाच्या आधीच्या पंधरवड्यात कुठलंच नवीन फेशियल, पील, क्रीम तोंडाला लावायचं नाही, हळदीच्या दिवशी लाल तोंड घेऊन येणाऱ्या नवऱ्या दर सीझनला येतात.

कोलॅजन पावडर पोटात गेली की इतर प्रोटीनसारखीच पचते, ती थेट गालावर जाऊन बसत नाही. काही अभ्यासांत थोडा फरक दिसलाय पण त्यातल्या बऱ्याचशांचा खर्च विकणाऱ्या कंपन्यांनीच केलेला. तेवढ्या पैशात वर्षभराचं सनस्क्रीन येतं, आणि लग्नानंतर बाळाचा विचार असेल तर रेटिनॉलची बाटली आत्तापासूनच कपाटात ठेवून द्या.