मारहाण होऊनही पोलिसांनी फक्त एनसी लिहून घेतली. म्हणजे हा गुन्हाच नाही का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाजलं, त्यानं दोन थपडा दिल्या, ढकललं, तुम्ही मनगटावर पडलात. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात दिली आणि 'कोर्टात जा' म्हणाले. आता तुम्हाला शंका आहे की एक तर हा गुन्हाच नाही, नाहीतर समोरच्यानं काहीतरी 'दिलं' असणार.

मी गेल्या वर्षी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची सात-आठ वर्षं तालुक्याच्या ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काढली. म्हणजे एनसी लिहून 'कोर्टात जा' म्हणणारा तो माणूस मीच. शिव्या घालायच्या असतील तर आधी वाचा, मग घाला.

गुन्हा आहे. कायद्यानं ज्या गोष्टीला शिक्षा ठेवलीय ते सगळं गुन्हाच, थप्पडसुद्धा. घोळ 'अदखलपात्र' या शब्दानं घातलाय. ऐकणाऱ्याला वाटतं, आपली तक्रार दखल घ्यायच्याच लायकीची नाही. माझ्या टेबलासमोर शिकलेली माणसंसुद्धा हा शब्द ऐकून चिडायची. त्याचा अर्थ एवढाच, की या गुन्ह्यात पोलिसांनी मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करायचा नाही आणि वॉरंटशिवाय अटक करायची नाही.

हे ठाणेदार ठरवत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं संपली की पहिली अनुसूची येते. तिच्यात सहा रकाने आहेत: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कुठल्या कोर्टात चालेल. माझ्या प्रतीची ती पानं चौथ्या रकान्यापाशी बोटं फिरवून काळी पडली होती. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२): एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अदखलपात्र. भांडण पेटावं म्हणून केलेला अपमान, ३५२: अदखलपात्र. साधी धमकी, ३५१(२): अदखलपात्र. जुने लोक ज्याला जुन्या दंड संहितेच्या आकड्यांनी '३२३, ५०४, ५०६' म्हणतात ते हेच त्रिकूट. तुमच्या एनसीवर बहुतेक हेच आकडे असतील.

आता एक प्रसंग सांगतो. १ जुलै २०२४ला नवे कायदे लागू झाले, त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. हात अजून सवयीनं ३२३ लिहायला जायचा. रात्री अकराच्या सुमारास एक शेतकरी आला, तोंडाला रुमाल धरलेला. बांधावरून सख्ख्या भावाशी जुंपली होती. ओठ सुजलेला, शर्टावर रक्त. बोलणं नीट कळत नव्हतं. मी विचारलं, कशानं मारलं? हातानं, म्हणाला. एनसी लिहिली, मेडिकलची यादी (तपासणीसाठी दवाखान्याला द्यायचं पत्र) दिली आणि ग्रामीण रुग्णालयात पाठवला. सकाळी परत आला तो सर्टिफिकेट आणि कागदाची एक पुडी घेऊन. पुडीत त्याचा दात होता. रात्री तो बांधावरच पडला होता, पोरानं उजाडल्यावर शोधून आणला.

त्या दातानं प्रकरणाचा रकाना बदलला. हाड किंवा दात मोडणं, निखळणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र. लगेच गुन्हा नोंदवला, गुन्हा रजिस्टरचा नंबर (गु.र.नं.) पडला, एफआयआरची प्रत त्याच्या हातात. मारणारा तोच, ठोसाही तोच.

त्याच दिवशी भावाला आणला आणि जामीनदार मिळताच ठाण्यातूनच सोडला, कारण ११७(२) दखलपात्र असलं तरी जामीनपात्र आहे. फिर्यादी माझ्यावर असा भडकला, की सात वर्षांचा गुन्हा आणि तुम्ही चहा पाजून सोडता? चहा पाजला नव्हता. पण चौथा आणि पाचवा रकाना वेगळे आहेत, हे त्याला काही केल्या पटवता आलं नाही. दात न पडता नुसती साधी दुखापत, पण हाताऐवजी कोयत्यानं झाली असती, तर ११८(१) लागलं असतं आणि शिक्षेची मर्यादा तीन वर्षं असूनही ते अजामीनपात्र झालं असतं.

म्हणून 'शिक्षा मोठी तर गुन्हा दखलपात्र' हे गणित धरून चालू नका. इतर कायद्यांतल्या गुन्ह्यांना, त्या कायद्यानं वेगळं काही सांगितलं नसेल तर, अनुसूचीच्या दुसऱ्या भागात तसा ढोबळ नियम आहे: तीन वर्षं किंवा वर असेल तर दखलपात्र, त्याखाली अदखलपात्र. न्याय संहितेला मात्र प्रत्येक कलमाचा स्वतंत्र हिशेब आहे. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर सात वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा अदखलपात्र. चोरी दखलपात्र, पण चोरलेला माल पाच हजारांच्या आतला असेल तर नव्या कायद्यानं ती अदखलपात्र केली. शेळी नेली की पाच हजारांच्या आतली की बाहेरची, हा वाद आता अंमलदाराच्या टेबलावर होतो. मला हा बदल आवडलेला नाही. ज्याचं पोट त्या शेळीवर आहे त्याला मॅजिस्ट्रेटकडे पाठवणं बरं नाही.

तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दलही बोलतो. हो, असं होतं. ठाण्याचा आकडा फुगू नये म्हणून दखलपात्र प्रकरण एनसीत बसवणारे मी पाहिलेत. पैशापेक्षा आळस आणि आकडा ही कारणं जास्त. पण कायद्यानं ती मुभा नाही. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलंय, की माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. आणि एकाच प्रकरणात चार कलमं असतील व त्यातलं एक जरी दखलपात्र असेल, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असतं.

तेव्हा आधी एनसी शांतपणे वाचा. तुम्ही जे सांगितलं ते सगळं उतरलंय का बघा. घाईत 'झटापट झाली' एवढंच लिहिलेलं असतं आणि पडलात, लागलं, हे राहून जातं. दखलपात्र असूनही नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टानं पाठवा (शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना), तरीही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. प्रकरण खरंच अदखलपात्र असेल तर 'कोर्टात जा' हा सल्ला टोलवाटोलवी नाही: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(२)खाली तपासाचा हुकूम मागता येतो किंवा थेट खासगी फिर्याद करता येते. वकील लागेल, तारखा पडतील, ते खरंच.

पण त्याआधी एक. पाच दिवस झाले तरी मनगटाची सूज उतरली नाही, असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय. एक्स-रे काढल्याचं कुठंच दिसत नाही. आज सरकारी रुग्णालयात जा, एनसीचा नंबर दाखवा आणि तो काढून घ्या. बारीक चीर निघाली तरी रिपोर्ट घेऊन त्याच अंमलदाराकडे जा. तो अनुसूची काढेल.