संयम आणि सातत्य ठेवलं तर यश मिळतंच का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं रोज दहा तास स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताय, पूर्वपरीक्षाही निघत नाही, आणि घरचे म्हणतात धीर धर. मी परीक्षांतला माणूस नाही. आमच्या आंब्याच्या बागेचं सांगतो, त्यातून घेता आलं तर घ्या.

१९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि आमच्या राजापूरकडे लोक कातळावर कलमं लावायला लागले. आम्ही दोन वर्षांनी लावली. दीड एकर, दहा-दहा मीटरवर सुरुंगाने फोडलेले खड्डे, त्यात बाहेरून आणलेली माती आणि हापूसची साठ कोयकलमं. कोयकलम म्हणजे रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या, कोवळ्या रोपावर बांधलेली हापूसची काडी. मूळ रायवळचं, वरचं झाड हापूसचं.

पहिला उन्हाळा मी कळशीने पाणी घातलं. पुढच्या पावसानंतर एक कलम बाकीच्यांच्या दुप्पट झालं होतं, पानं नुसती तुकतुकीत. मी बाबांना हौसेने दाखवायला नेलं. ते वाकले, बुंध्याजवळचं गवत बाजूला केलं आणि म्हणाले, "अरे, हा रायवळ पोसलायस तू." जोडाच्या खालून फुटवा आला होता. सगळी ताकद त्याने खाल्ली, वरची हापूसची काडी केव्हाच वाळली होती. पाणी घालण्यात मी एक दिवस चुकवला नव्हता हो! फक्त खाली वाकून जोड बघितला नव्हता. पंधरा दिवसांतून एकदा बघितला असता तर फुटवा नखानेही निघाला असता.

म्हणून दहा तासांपेक्षा मला हे विचारावंसं वाटतं: वेळ लावून सरावाचे पेपर किती सोडवलेत? कुठे गुण जातात, ते जाणत्या माणसाला दाखवलंत का?

धीर म्हणाल तर तोही लागतोच. तिसऱ्या वर्षी मोहोर आला, तो बाबांनी सगळा खुडायला लावला. जीव तुटायचा. पलीकडच्या बागेत ठेवला होता. त्यांना आंबे मिळाले, पण पोरसवदा झाडं खुंटली. आमचे विकण्याजोगे आंबे सातव्या वर्षी, चार पेट्या. त्यातही काही साक्याचे, म्हणजे आतून पांढरट नि खराब, निघाले. पुढच्या वर्षी तर मोहोरच कमी, हापूस असाच, एका वर्षाआड रुसतो.

मधल्या काळात वाळवी, वणवा, मोकाट गुरं यांत बरीच कलमं गेली. दर पावसात नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी लावली. खालच्या कोपऱ्यातली तीन मात्र तीनदा लावून तीनदा मेली, तिथे पाणी साचतं. चौथ्यांदा लावली नाहीत. आता तिथे अळू आहे, गणपतीत अख्खी वाडी पानं तिथूनच नेते.